गवत वाळायच्या आधी

काल दुपारी गच्चीत खुर्ची टाकून बसलो होतो. या गच्चीतून पूर्वी अख्खा डोंगर दिसायचा. आता मधे सात इमारती, अकरा पाण्याच्या टाक्या आणि एका मंगल कार्यालयाची पाटी उभी आहे. त्यांच्या फटीतून डोंगराचा रुमालाएवढा तुकडा तेवढा उरलाय. तो पिवळा पडायला लागलाय. अजून पुरता नाही. वरच्या अंगाला पिवळा, खालच्या अंगाला हिरवा. मला वर्तमानपत्राचा मथळा भिंग लावून वाचावा लागतो, पण दहा मैलांवरचं गवत किती वाळलंय ते मी बसल्याजागी सांगतो. डोळ्यांच्या डॉक्टरला हे सांगितलं तर त्यानं रक्तदाब तपासला.

थकवा आता माझ्याकडं पाहुणा म्हणून येत नाही. तो घरमालक झालाय आणि मी त्याच्या घरात एका खोलीत राहतो. जिना चढून गच्चीत येणं ही आता मोहीम असते. मधे एक मुक्काम, पाण्याची सोय, उतरताना आधाराला कुणीतरी. पण दिवाळी होऊन पंधरा दिवस गेले, वारा फिरला, हवेला तो कोरडा, किंचित गोडसर वास आला, की मी येतोच. गवत कुठवर आलंय ते बघायला.

हे गवताचं वेड मला म्हैसमाळनं लावलं. तिथं डोंगरमाथ्यावर त्या काळी सरकारी कुरण होतं. कार्तिक लागला की गवत कापणारे वर जायचे आणि पौषापर्यंत विळे चालायचे. उंच, कमरेएवढं गवत. कापलेल्या पेंढ्या डोक्यावरून उतरवायला कोण बसलंय? एक लांबलचक उतार होता, त्याला ते लोक ‘म्हशीची पाठ’ म्हणायचे. पेंढ्या बांधायच्या आणि वरून सोडून द्यायच्या. सोन्यासारखं वाळलेलं, गुळगुळीत गवत. पेंढी सुटली की थेट पायथ्याच्या गाड्यांपाशी. आणि दिवस मावळायला आला की माणसंही तशीच उतरायची. कुणी पेंढीवर, कुणी फळीवर, कुणी नुसतंच. दिवसभर वाकून पाठ मोडलेला साठीचा माणूस विळा कमरेला खोचून, तोंडात विडी धरून सूं करून खाली जायचा आणि विडी विझायची नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विडीचं जरा वाढवून सांगितलं असेन.

एका पौषात आम्ही शाळेतली पाच पोरं सायकलींवर म्हैसमाळला गेलो होतो. जाऊन-येऊन दोन दिवस, रौजाला मुक्काम. खुलताबादला तेव्हा सगळे रौजाच म्हणायचे. मी एकदा घसरलो. एकदाच. डोळे गच्च मिटून. खाली पोचल्यावर मित्रांनी माझी बोटं एकेक करून फळीपासून सोडवली. पण घरी आल्यावर मी जे सांगितलं त्यात वाटेतला कावळा मागं पडला, टोपी वरच राहिली आणि ती अर्ध्या तासानं वाऱ्यावरून माझ्यामागं खाली आली.

घरात माझ्या या गोष्टी कुणी ऐकत नसे. अण्णा कचेरीतून आले की उर्दू कागदांत डोकं घालायचे. आई म्हणायची, “याची जीभ कुणीतरी खुंटीला बांधा.” ऐकायची फक्त आक्का. माझ्याहून दीड वर्षानं मोठी, सतरा पुरी झालेली. ती गोष्टीच्या मधे कधी “खोटं बोलू नको” म्हणायची नाही. हातातलं काम चालू ठेवायची आणि सगळं संपल्यावर एकच प्रश्न विचारायची. तो प्रश्न असा असायचा की मला तीन दिवस पुरायचा.

त्या वेळी तिनं विचारलं, “पोटात काय व्हतं रे?”

मी म्हणालो, “पोट वरच राहतं. आपण खाली येतो. ते मागनं येतं.”

मटारच्या शेंगा सोलता सोलता तिनं दाणे टरफलांत टाकले आणि टरफलं पातेल्यात. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पुढच्या दिवाळीच्या आधी तिचं लग्न ठरलं. गंगापूरकडची मंडळी. उसाची शेती, घरात चार गाई, माणसं चांगली. तुळशीचं लग्न झालं की पहिल्या मुहूर्ताला आक्काचं. घर एकदम गडबडून गेलं. पापड, सांडगे, कुरडया, आणि दारात सुतार बसवून लग्नाचे पाट. सगळे खुश होते. आक्कापण होती. फक्त एका दुपारी ती मला माजघरात गाठून म्हणाली, “दिगू, गंगापूरकडं डोंगुर हाय का?”

“नाय.”

“टेकडी?”

“आक्का, तिकडं बैल दमला तर टेकायला बांधसुद्धा नाय. ताटासारखी जमीन. इकडून लिंबू सोडलं तर गोदावरीत जाऊन पडंल असं वाटतं, पण उतार नसल्यानं ते पण जागचं हालत नाय.”

ती हसली नाही. “मग मला लग्नाच्या आधी म्हशीच्या पाठीवरनं घसरायचंय,” ती म्हणाली. “एकदा. पोट मागं राहतं ते बघायचंय.”

माझ्या आयुष्यात माझ्या थापांवर कुणी एवढा मोठा विश्वास टाकला नव्हता. आणि तो किती जड असतो ते मला ठाऊक नव्हतं.

अडचण वेळेची होती. गवत वाळणार मार्गशीर्षात. लग्न त्याच्या आधी. रोज सकाळी दारात गवतवाली यायची, आमच्या गाईसाठी भारा टाकायची. आक्का भाऱ्यातली एक काडी उपसायची, वाकवून बघायची, मग दाताखाली धरायची. वाळलेली काडी कट्‌ करून मोडते. हिरवी नुसती चघळली जाते.

“म्हैसमाळचं कसं हाय गं?” ती विचारायची.

“हिरवंगार हाय बाई अजून. वीस दिस तरी लागत्याल.”

“वीस दिसांनी मी सासरी.”

“मग तिकडं गवत नसतंय का?” गवतवाली म्हणायची आणि भारा टाकून निघून जायची. तिच्या लेखी गवत म्हणजे गाईनं खायची वस्तू.

आता बेत. आजकालची आमची नातवंडं चहा पिता पिता म्हणतात, “चला, म्हैसमाळला जाऊन येऊ.” गाडी काढतात, वर जाऊन भजी खातात, फोटो काढतात आणि मी दुपारच्या झोपेतून उठायच्या आत परत. मला त्यांचा हेवा वाटत नाही. मला त्यांच्याकडं पाहूनच दमायला होतं. आम्हाला त्या एका दिवसाचा बेत करायला नऊ दिवस लागले आणि नवव्या दिवशी मी एवढा थकलो होतो की जायची गरजच उरली नव्हती.

महायुद्धाच्या लढाईचे दिवस. पेट्रोल फक्त बड्या लोकांच्या मोटारींना. बाकीच्या मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. पाठीमागं एक उभी लोखंडी भट्टी, तिच्यात कोळसा, क्लीनर भाता फिरवायचा आणि मोटार खोकत खोकत निघायची. शहागंजातून रौजाला अशी एक मोटार जायची. तिचा ड्रायव्हर मोईनभाई, अण्णांच्या ओळखीचा. त्या मोटारीत एकदा कोंबडी घेऊन बसलेला माणूस रौजाला सहा पिल्लं घेऊन उतरला होता.

मी वेळ विचारायला गेलो तेव्हा मोईनभाई बॉनेटवर डोकं ठेवून उभा होता. दुरुस्ती चालली होती की झोप, ते कळत नव्हतं.

“मोईनभाई, सकाळी किती वाजता सुटते?”

“भरी की छुटती.”

“आणि नाही भरली तर?”

“नै छुटती.” त्यानं डोकं न उचलता सांगितलं. “जुम्मे को आ. जुम्मे को दर्गा की सवारी रैती, जल्दी भरती.”

“आणि रौजाहून शेवटची परत?”

“शाम के पहले. मेरी गाडी को बत्ती नै है मियाँ, अंधेरा हुआ तो मैं वहींच सोता.”

शुक्रवार म्हणजे त्या काळी आमच्याकडं शाळेला आणि कचेरीला सुट्टी. बरोबर जमत होतं. आक्कानं पाटीवर हिशेब मांडला. सूर्य उगवायला शहागंज. मोटार दोन-अडीच तास, घाट चढताना उतरून चालायचं ते धरून. रौजाहून म्हैसमाळ तीन-साडेतीन कोस. गवत कापणाऱ्यांच्या रिकाम्या गाड्या सकाळी वर जातात, त्यात बसायचं. दुपार डोक्यावर यायच्या आत म्हशीची पाठ. परत रौजापर्यंत पायी. सगळं जुळवून उतारावर थांबायला जेमतेम पाऊण तास उरत होता. अख्ख्या दिवसाची दमणूक आणि घसरणं दहा श्वासांचं. आक्कानं तो पाऊण तास पाटीवर गोल करून ठेवला होता. जेवता-उठता ती त्या गोलाकडं बघायची.

उरली परवानगी. लग्न ठरलेली मुलगी, धाकट्या भावाबरोबर, डोंगरावर, घसरायला. हे आईला सांगण्यापेक्षा डोंगरालाच घरी बोलावणं सोपं होतं. तेव्हा मी पुढं झालो. थाप हा माझा प्रांत होता.

लग्न ठरलं की नातेवाईक मुलीला केळवणाला बोलावतात, गोडाधोडाचं जेवण, खण-नारळ. त्याला नाही म्हणता येत नाही. रौजाला आमची एक लांबची मावशी राहायची. विधवा, एकटी, दोन खोल्यांचं घर, दारात पेरूचं झाड. तिच्याकडं वर्षानुवर्षं कुणी गेलं नव्हतं. मी आईला म्हणालो, “मावशीनं मोईनभाईबरोबर निरोप धाडलाय. शुक्रवारी आक्काचं केळवण करणार म्हणती. मला घेऊन ये म्हणली.”

आईनं पोळी लाटायची थांबवली. “तिनं? बोलावलं? बिचारी.” मग डोळ्याला पदर लावला. “जा बाबा. तिला वाईट वाटायला नको.”

माझी थाप एवढी सरळ लागलेली मी कधी पाहिली नव्हती. आणि इथंच मी चूक केली. आपल्या माणसांत थाप मारायची तर कशाचीही मारावी, जेवणाची मारू नये. पुढंमागं आई आणि मावशी भेटल्या तर उघडं पडेल म्हणून मी मोईनभाईबरोबर मावशीला खरोखरच निरोप पाठवला: शुक्रवारी आक्का येतेय, केळवणाला, नुसतं तोंड गोड करा, लगेच निघायचंय.

निघताना आक्काच्या हातात कापडात गुंडाळलेला पाट होता. लग्नासाठी केलेल्या पाटांतला सगळ्यात गुळगुळीत, शिसवी. जेवायला बसायच्या पाटाखाली दोन पट्ट्या असतात ना, पुढून मागं जाणाऱ्या, त्या तिनं चार दिवस मेणबत्तीच्या तुकड्यानं घासून काचेसारख्या केल्या होत्या.

आई म्हणाली, “पाट कशाला?”

“मावशीकडं पाट नसतील,” मी म्हणालो.

आईनं माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, “सांभाळून.”

मोटार भरली, सुटली, खोकली. दौलताबादच्या पुढं घाट लागला तसे सगळे उतरले. पुरुषांनी ढकलली, बायका मागून चालल्या, क्लीनर भट्टीत कोळसा कोंबत राहिला. आक्का पाट काखेत घेऊन सगळ्यांच्या पुढं. ती रस्ता बघत नव्हती, कडेचं गवत बघत होती. मधेच एक काडी उपटून दाताखाली धरायची आणि थुंकायची. “हिरवं,” म्हणायची. पुढच्या वळणावर परत एक. “हिरवंच.”

“वर जास्त वारा असतो,” मी म्हणालो. “वरचं आधी वाळतं.” हे मी त्याच क्षणी बनवलं होतं.

रौजाला पोचलो. मावशीच्या दारात जाऊन पाच मिनिटांत नमस्कार करून सटकायचं, असं ठरलं होतं. दारात गेलो आणि मी जागच्या जागी उभा राहिलो. अंगण सारवलेलं. उंबऱ्यापासून आतपर्यंत रांगोळी. पेरूच्या फांदीला तोरण. आतून पुरणाचा वास. मावशी बाहेर आली. माझ्या आठवणीतल्या पांढऱ्या विटक्या लुगड्याऐवजी तिच्या अंगावर जपून ठेवलेलं, घडीच्या रेघा न मोडलेलं लुगडं होतं.

“आली गं माझी बाय,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझ्याकडं कोण कशाला येतंय.”

शेजारच्या चार बायका येऊन बसलेल्या होत्या. त्यांतल्या दोघी मुसलमान घरांतल्या, त्यांनी आक्कासाठी बांगड्या आणल्या होत्या. मावशीनं पहाटे चार वाजता पुरण शिजत टाकलं होतं. “पर माझ्याकडं चांगला पाट नाय बघ,” ती खालच्या आवाजात म्हणाली. तेवढ्यात तिची नजर आक्काच्या काखेतल्या गाठोड्यावर गेली. आक्कानं माझ्याकडं पाहिलं. मग गाठोडं सोडलं आणि पाट मावशीच्या हातात दिला.

मावशीनं त्याच्याभोवती रांगोळी काढली आणि आक्काला वर बसवलं. पट्ट्यांना मेण लावलेला पाट. आक्का जरा हलली की पाट सारवलेल्या जमिनीवरून वीतभर पुढं जायचा. मावशी म्हणायची, “नीट बस गं, नवरीनं असं चुळबुळ करू नये.” आक्का मागं सरकायची, पाट मागं यायचा. मला हसू आवरत नव्हतं आणि आक्काच्या डोळ्यांत पाणी होतं. पुरणाच्या वाफेनं आलंय असं तिनं मावशीला सांगितलं.

उंबऱ्यावर ऊन होतं. ते उंबरा सोडून आत आलं, मग पितळी तांब्यावर आलं, मग भिंतीला लागलं. पहिली पोळी. दुसरी. ओव्या सुरू झाल्या. एकीला एकच ओवी येत होती, ती तिनं सात वेळा म्हटली. मी दारातून आक्काला खूण केली, आता ऊठ, अजून गाड्या मिळतील. आक्कानं ती खूण पाहिली. मग तिनं ताट पुढं केलं आणि म्हणाली, “मावशी, आणखी एक वाढ गं. तुझ्या हातची परत कधी मिळणार?”

मावशीनं तिच्या पोळीवर तूप ओतलं, ओतलं, ताटाबाहेर गेलं तरी ओततच राहिली.

मी आयुष्यात पुष्कळ बहादूर माणसं पाहिली आणि जी पाहिली नाहीत त्यांच्याही गोष्टी सांगितल्या. पण हातातला गोल केलेला पाऊण तास असा पाचव्या पुरणपोळीखाली घालून वर तूप घेणारी दुसरी पाहिली नाही. तेव्हा मला हे असं कळलं नव्हतं. तेव्हा मी तिच्यावर चिडलो होतो. शेजारणींकडून ओटी भरून, खण-नारळ घेऊन निघेपर्यंत म्हैसमाळच्या गाड्या गवत घेऊन खालीसुद्धा उतरल्या असतील.

शेवटची मोटार. आक्का खिडकीशी, मांडीवर पाट. मी म्हणालो, “मी ऊठ म्हणत होतो ना, खूण केली ना?” ती म्हणाली, “गप बस, दिगू.” रागानं नाही. दमलेल्या माणसाच्या आवाजात. तो आवाज मी आईच्या तोंडून ऐकला होता, मावशीच्या तोंडून ऐकला होता. तिच्या तोंडून पहिल्यांदा.

घाटाच्या तोंडाशी मोईनभाईनं मोटार थांबवली. “उतरो सब. ब्रेक गरम हुए. ओझा ले के नै उतरती ये बुढ्ढी.” उतारावर रिकामी मोटार हळूहळू जाणार, क्लीनर चाकाखाली घालायला लाकडी ठोकळा घेऊन बरोबर पळणार आणि माणसं मागनं पायी. रोजचंच होतं. ब्रेक निवेपर्यंत सगळे थांबले.

आक्का वळणापाशी जाऊन उभी राहिली. तिथं रस्त्याच्या कडेनं खाली एक उतार गेलेला. लहानसा. मावळतीकडं तोंड करून. मुरमाड जमीन, माती बोटभर, म्हणून वरचं गवत आधीच पिवळं पडलेलं. तिनं एक काडी उपटली, दाताखाली धरली. कट्‌ असा आवाज मी दहा हातांवरून ऐकला. हे मात्र वाढवून सांगत नाही.

तिनं पाट ठेवला. लुगड्याचा काष्टा घट्ट केला. ओटीतले तांदूळ आणि नारळ माझ्या हातात दिले. बस थांबलेली, वीस-पंचवीस माणसं बघतायत, दर्ग्याहून आलेल्या बायका तोंडाला पदर लावून. एक म्हातारा म्हणाला, “अरे, लडकी को रोको कोई.” मोईनभाई बॉनेटला टेकून उभा होता. तो म्हणाला, “काय को रोकना? घाट हमारे बाप का थोडीच है.”

आक्का पाटावर बसली. दोन्ही हातांनी पुढची कड धरली. आणि पाट सुटला.

पिवळ्या गवतावरून तो छान गेला. मेण लावलेल्या पट्ट्या, आवाजसुद्धा नाही, नुसती सळसळ. तिची वेणी मागं उचलली गेली. मी ओरडायला तोंड उघडलं. आणि तोंड उघडं असतानाच पाट थांबला. खालच्या अर्ध्यात ओल होती, तिथून हिरवं सुरू होत होतं. हिरव्यात पाट शिरला आणि चिखलात बैल बसावा तसा बसला. ती पायथ्याला पोचली नाही. अर्ध्यात राहिली.

मी नारळ टाकून खाली निघालो, ढकलायला. तिनं मागं न बघता हात वर केला. “थांब. हात लावू नको.”

“ढकलतो ना जरा.”

“नको. बसू दे.”

मग ती तिथं बसली. अर्ध्या उतारावर, हिरव्या आणि पिवळ्याच्या सीमेवर, पाटावर मांडी घालून, जेवायला बसतात तशी. समोर दौलताबादचा किल्ला आणि त्याच्याही पलीकडं सपाट मुलूख, थेट गंगापूरच्या दिशेला, संध्याकाळच्या धुरकट उन्हात. वाढायला कुणी नाही, वाढून घ्यायला कुणी नाही. ओव्या नाहीत. मी वर हातात तांदूळ घेऊन उभा. ब्रेक केव्हाच निवले होते. क्लीनर म्हणाला, “चच्चा, छोडना?” मोईनभाई म्हणाला, “बैठने दे उसको. गाडी बी थकी, मैं बी थका. थोडा ठैर.”

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी सांगताना नेहमी एक तास सांगतो. दहा मिनिटं असतील. मग ती आपली आपण उठली, पाट काखेत घेतला आणि चढून वर आली. चेहरा लाल. लुगड्याच्या काठाला कुसळंच कुसळं.

“पोट मागं राहिलं का?” मी विचारलं.

“नाय,” ती म्हणाली. “मी सगळी एकदमच थांबले.”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आईनं मावशी कशी आहे विचारलं, किती पोळ्या केल्या विचारलं, बांगड्या हातात घेऊन बघितल्या. मग आक्काला समोर बसवून तिच्या लुगड्याच्या काठातलं एकेक कुसळ काढायला लागली. पुष्कळ होती. शेवटचं काढून झाल्यावर म्हणाली, “मावशीच्या अंगणात लई गवत वाढलंय म्हणायचं.” बस, एवढंच. आणि ते लुगडं झटकून वाळत टाकलं.

आक्का गंगापूरला गेली. संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेलो तेव्हा सगळी मंडळी पंगतीला बसली होती, आक्का वाढत होती. दाजी म्हणाले, “मेहुणे, तुम्ही म्हणे लई गोष्टी सांगता.” माझी जीभ सुटली. कशी सुटली ते मलाच कळलं नाही. मी म्हशीच्या पाठीची गोष्ट सांगितली. त्यात आम्ही म्हैसमाळला पोचलो. त्यात गवत सोन्यासारखं वाळलेलं होतं. त्यात आक्का पाटावर बसली आणि अर्धा मैल खाली गेली, थेट गाड्यांपर्यंत. पंगत हसत होती. सासूबाईंनी घास थांबवला होता. मी वर बघितलं तर आक्का माझ्या ताटापाशी आमटीचं भांडं घेऊन उभी. मला वाटलं, आता हिची फजिती केली मी.

ती वाकली, माझ्या वाटीत आमटी घातली आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, “अजून जरा लांबव.”

तेव्हापासून लांबवतोय. तिच्या बाळंतपणाला गेलो तेव्हा मैलभर केली. दाजी गेले त्या वर्षी दोन मैल. तिच्या पोरांना, सुनांना, नातवंडांना, दर वेळी थोडी पुढं. म्हशीची पाठ संपली तेव्हा मी डोंगर ओलांडला, डोंगर संपला तेव्हा रस्ता घेतला. गंगापूरच्या त्या सपाट मुलखात एक बाई होती जी आयुष्यभर दहा माणसांचा स्वयंपाक करत होती आणि माझ्या तोंडात, वर्षातून एकदा, उतारावरून खाली जात होती. तिनं कधी खरं आहे म्हटलं नाही, खोटं आहे म्हटलं नाही. काम करता करता ऐकायची. पण मीही म्हातारा झालो. लांबवणं हेही अंगमेहनतीचं काम आहे. दम लागतो.

काल गच्चीतून उतरलो आणि फोन वाजला. तिची नात बोलत होती, “आजोबा, आजीला तुमच्याशी बोलायचंय. ती उठत नाही आता, मी कानाला लावते.” मग बराच वेळ नुसता श्वास. नव्वदीच्या घरातला, बारीक, मोजून घेतलेला.

“दिगू.”

“बोल आक्का.”

“दिवाळीला पोरांना सांगितली म्हणं परत.”

“सांगितली.”

“कुठवर आणलंस रे मला?”

“दौलताबाद ओलांडलं,” मी म्हणालो. “किल्ल्याला वळसा घालून खाली सपाटीला लागलीस. वेग अजून हाय.”

मागं कुणीतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, बाहेर ट्रॅक्टर गेला. मला वाटलं तिचा डोळा लागला.

“लई झालं,” ती म्हणाली. “आता उतरव मला.”